डोंगरउतारावरच्या शहरात पहिलं घर घेताना वस्ती कशी निवडावी

रत्नागिरीत जागा बघायला निघालं की एजंट दोन गोष्टी आधी सांगतो: स्क्वेअर फुटाचा भाव आणि मारुती मंदिरापासूनचं अंतर. इमारत चढाच्या कुठल्या भागात उभी आहे, हे मात्र आपल्यालाच विचारावं लागतं. या गावात घराचं सुखदुःख बरंचसं त्यावरच ठरतं. मी आणि माझ्या बायकोने दोन वर्षं घरं पाहिली. पहिल्या वर्षी सगळी फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये पाहिली आणि तिथेच आमचं चुकलं. दुसऱ्या वर्षी जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितो. चिपळूण, सावंतवाडी, महाड कुठेही घर घेणार असाल तरी यातलं बरंच लागू पडेल.

पहिली पायरी: आधी जमीन ओळखा

आपल्याकडे जमिनीचे ढोबळ तीन भाग पडतात. वर सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरची कातळाची सपाटी, मधे उतार, खाली खाडीलगतची किंवा वहाळाकाठची (ओढ्याकाठची) सखल पट्टी. प्रत्येकाचं सुख वेगळं, दुखणंही वेगळं.

सड्यावर कातळ घट्ट असतो, पाया चांगला मिळतो, पाणी तुंबत नाही. पण विहीर खोल जाते आणि मे महिन्यात ती तळ दाखवते. मारुती मंदिरापासून नाचणे, कुवारबाव या अंगाला शहर वाढलं ते बरंचसं या सपाटीच्या जोरावर.

उताराची गोष्ट नाजूक आहे. वरचा जांभा, म्हणजे आपला तांबडा दगड, सच्छिद्र असतो. पावसाचं पाणी त्यातून झिरपत खाली जातं आणि जांभ्याखालच्या शेडीच्या थरापाशी अडतं. शेडी म्हणजे ती पांढुरकी, चिकट माती. तिच्यातून पाणी सहज उतरत नाही, म्हणून ते आडवं सरकतं आणि उतारावर जिथे वाट मिळेल तिथे झऱ्यासारखं बाहेर पडतं. गावातल्या जुन्या विहिरी याच रेषेवर सापडतात. तेव्हा हे पाणी तसं वाईट नाही. पण त्याच रेषेवर डोंगर कापून कोणी इमारत उभी केली, तर पावसाळाभर ते पाणी तिच्या पाठीवर येत राहतं.

आम्हाला एक टू बीएचके मनापासून आवडला होता. समोर खाडी दिसायची, भाव बसत होता, बँकही कर्ज द्यायला तयार होती. मार्चमध्ये मागची संरक्षक भिंत नवी, रंगवलेली, छान दिसली. जुलैत ओळखीच्या एका गवंड्याला घेऊन पुन्हा गेलो. भिंतीत पाणी निचरायला पाइप ठेवलेले होते, पण निम्म्यांची तोंडं रंगकामात सिमेंटने लिंपून टाकलेली. पाण्याने दुसरी वाट काढली होती. भिंतीच्या बुडाशी बोटभर जाडीची धार वाहत होती, आणि ती गढूळ होती. गवंड्याने खालची माती चिमटीत घेऊन चोळली आणि माझ्या हातावर ठेवली. साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत. "शेडी हाय ही, भाऊ. भिजली की धरत नाय," एवढंच तो म्हणाला. आम्ही तो फ्लॅट सोडला. बायकोला त्याचं फार वाईट वाटलं, मलाही.

म्हणून उतारावरच्या इमारतीत आधी मागच्या बाजूला जा. भिंतीतून स्वच्छ पाणी पाझरत असेल तर निचरा चालू आहे असं समजा. पाणी गढूळ असेल तर आतली माती वाहून जातेय. भिंतीला पोट आलंय का, वरच्या बांधाला लांबलचक चीर आहे का, झाडं किंवा विजेचे खांब उताराकडे कललेत का, हे बघा. इमारतीचा कुठला भाग कापलेल्या जमिनीवर आहे आणि कुठला भरावावर, हेही बिल्डरला सरळ विचारा. भराव बसतो. मग जिना आणि भिंत जिथे मिळतात तिथे, किंवा आवारातल्या लाद्यांमध्ये, फट दिसू लागते. पार्किंगच्या फरशीवर चालून बघा, पायाला कळतं.

जुलै 2021 च्या पावसात महाड तालुक्यातल्या तळियेवर आणि खेड तालुक्यातल्या पोसऱ्यावर दरड कोसळली, माणसं गेली. ती गावं डोंगराच्या कुशीत होती, शहरातली इमारत म्हणजे अगदी तसंच नाही. पण भिजलेला उतार कसा सुटतो, हे कोकणात घर घेणाऱ्याने विसरून चालणार नाही.

दुसरी पायरी: भर पावसात, भरतीच्या वेळी जा

सखल भागातली जागा मे महिन्यात फार मोहक वाटते. सपाट रस्ता, बाजार जवळ, माडांची सावली. ती अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या उधाणाला, जोराचा पाऊस लागलेला असताना बघा. भरती वर आली की खाडीत पाणी उतरायला जागा राहत नाही, मग वहाळ आणि गटारं तुंबतात. 22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं तेव्हा वाशिष्ठी नदीला आलेला लोंढा आणि भरती अशी दोन्ही एकत्र आली होती. आपल्याकडे काजळी नदी फुगली की चांदेराईच्या बाजारात पाणी शिरतं, हे रत्नागिरीकरांना वेगळं सांगायला नको.

नदीकाठी घर असेल तर पूररेषा तपासा. निळी रेषा म्हणजे सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नकाशा बघून झाला की शेजारच्या किराणा दुकानात जाऊन "2021 ला पाणी कुठवर आलं होतं?" असं विचारा. दुकानदार हात वर करून फळी दाखवेल. मला नकाशाइतकाच त्या फळीवर भरवसा आहे.

समुद्राकाठी मिऱ्या, पंधरामाड या पट्ट्यात लाटांनी बंधाऱ्याची काय दशा केली ते स्वतः जाऊन बघा. शिवाय खारं वारं ग्रिल, बिजागऱ्या, एसीचं बाहेरचं यंत्र, सगळं खातं. पश्चिमेकडच्या भिंतीवर झड थेट बसते. तिथे आतून पोपडे आले असतील तर नुसत्या रंगाने ते थांबणार नाहीत. आणि समुद्र किंवा खाडी जवळ असेल तर किनारा नियमन क्षेत्रात (सीआरझेड, जिथे बांधकामावर बंधनं असतात) जागा येते का, याचा लेखी खुलासा घ्या.

तिसरी पायरी: पाणी येतं कुठून, जातं कुठे

शहराला मुख्यतः शीळ धरणाचं पाणी येतं. नळ आहे का, एवढं विचारून भागत नाही. मे महिन्यात किती दिवसांआड येतं, दाबाने येतं की करंगळीएवढं, टँकर किती मागवावे लागतात आणि त्याचा खर्च सोसायटीत कसा वाटला जातो, हे विचारा. हे बिल्डरला विचारू नका, दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना विचारा. हंडे त्यांनी भरलेले असतात.

सांडपाण्याकडे लोक बघतच नाहीत. बहुतेक घरांना सेप्टिक टँक असतो आणि जांभा सच्छिद्र, हे वर आलंच आहे. वरच्या आवारातल्या टाकीचं पाणी खालच्या विहिरीत उतरू शकतं. आपण खालच्या अंगाला असू तर विहिरीचं पाणी तपासून घ्या. वरच्या अंगाला असू तर खालच्या घराची विहीर किती लांब आहे ते बघा. शेजारधर्म तिथून सुरू होतो.

चौथी पायरी: अंतर पायाने मोजा

नकाशावर चारशे मीटर म्हणजे डोंगरात काहीच कळत नाही. बाजारातून दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन घरापर्यंत चढून बघा. जमलं तर आईवडिलांना सोबत घ्या. माझ्या आईने एका पाखाडीवर, म्हणजे चढाच्या पायऱ्यांच्या वाटेवर, मधेच बसून सांगितलं, "बाळा, इथे मी आले की खाली उतरणार नाही." तो पत्ता आम्ही तिथेच खोडला.

पावसात पाखाडीवर शेवाळ धरतं. चढावर रिक्षावाला येतो की कोपऱ्यावरच उतरवतो? रुग्णवाहिका दारापर्यंत पोचते का, वळते का? रात्री आठनंतर एसटी किंवा शहर बस मिळते का? रेल्वे स्टेशन कुवारबावच्या बाजूला आहे, त्यामुळे मुंबईची ये-जा जास्त असणाऱ्याला तो भाग सोयीचा. मुलांची कॉलेजं आणि जुना बाजार मात्र तिथून लांब पडतो.

दारापर्यंतचा रस्ता कोणाचा आहे, हे याच वेळी विचारून टाका. कुणाच्या खाजगी जमिनीतून नुसत्या वहिवाटीवर चाललेला रस्ता असेल तर हक्काची नोंद कागदावर दिसल्याशिवाय पुढे जाऊ नका. भांडणं इथेच पेटतात.

पाचवी पायरी: कागद

हे काम वकिलाचं आहे, पण चार गोष्टी स्वतः मागा. सातबारा किंवा मिळकत पत्रिका, बिगरशेतीची आणि बांधकामाची परवानगी, तयार इमारत असेल तर भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला वापरायची परवानगी), आणि नवा प्रकल्प असेल तर महारेराचा, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक. भूखंड 500 चौरस मीटरपर्यंतचा किंवा सदनिका आठपर्यंतच असतील तर महारेरा नोंदणीची सक्ती नसते, आणि आपल्याकडच्या कितीतरी लहान इमारती त्यातच बसतात. तिथे वकिलाची फी वाचवू नका. जागा नगरपरिषदेत येते की शेजारच्या ग्रामपंचायतीत, हेही बघा. कचरा, पाणी, दिवाबत्ती सगळं त्यावर ठरतं.

सहावी पायरी: एक पावसाळा भाड्याने राहा

शक्य असेल तर ज्या वस्तीत घर घ्यायचंय तिथे जूनपासून अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने राहा. भाडं वाया गेलं असं घरचे म्हणतील, म्हणू द्या. जूनमध्ये कपडे वाळत नाहीत, ऑगस्टमध्ये कपाटाला बुरशी येते, गणपतीत मूर्ती आणायला गाडी कुठवर येते ते कळतं, आणि एप्रिल-मेमध्ये नळाचं खरं रूप दिसतं. आम्ही असेच राहिलो आणि शेवटी त्याच गल्लीत, चार घरं वर, जागा घेतली. खालच्या घरात पावसाळ्यात ओल यायची, वर कातळ होता. टोकन देण्याआधी जुलैत तीन वेळा मागची भिंत बघून आलो. तिसऱ्या वेळी पाइपांतून येणारं पाणी ओंजळीत धरून बघितलं, ते स्वच्छ होतं.