संपवाल्या फिश टँकची रिटर्न लाइन कशी बसवावी

चार फुटी टाकीखाली संप (पाणी गाळायची, आत कप्पे असलेली दुसरी टाकी) ठेवला की दोन पाइप आले. एकातून टाकीतलं पाणी आपोआप खाली संपमध्ये उतरतं, दुसऱ्यातून पंप ते परत वर ढकलतो. खाली येणाऱ्या पाइपाकडे सगळ्यांचं लक्ष असतं, कारण तो आवाज करतो. वर जाणारी रिटर्न लाइन मात्र ‘पंपाला पाइप लावला की झालं’ अशा समजुतीने शेवटी घाईघाईत जोडली जाते.

माझी पहिली लाइन मीही अशीच जोडली होती. टाकीत पाइपचं तोंड पाण्याखाली चांगलं दहा सेंटीमीटर ठेवलं होतं, कारण तसं दिसायला छान वाटत होतं. मे महिन्यात एका रात्री वळवाचा पाऊस आला आणि लाइट गेली. पंप थांबला आणि त्याच पाइपातून पाणी उलटं खाली येऊ लागलं. चार फूट लांब, दीड फूट रुंद टाकीत एक सेंटीमीटर पाणी म्हणजे सुमारे साडेपाच लिटर. दहा सेंटीमीटरचे झाले पंचावन्न लिटर, आणि संपमध्ये मोकळी जागा होती वीसेक लिटरची. बाकीचं पाणी सकाळी हॉलभर पसरलेलं होतं.

तेव्हापासून मी आधी एकच गोष्ट ठरवतो: पंप बंद पडल्यावर किती पाणी खाली येणार? पाणी वर कसं न्यायचं ते त्यानंतर.

इथे मी धरून चालतो की टाकीचा ओव्हरफ्लो (वरचं जादा पाणी खालच्या पाइपात सोडणारी वाट) आणि खाली येणारा पाइप तयार आहे. उदाहरणाला 4 फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, म्हणजे साधारण अडीचशे लिटरची टाकी घेतली आहे. रिटर्नसाठी काचेला भोक पाडू नका, पाइप मागच्या काठावरून आत घ्या. ओव्हरफ्लोचं भोक वर असतं आणि त्याला इलाज नसतो. रिटर्नला मात्र काठावरून सरळ वाट आहे, मग गळतीची आणखी एक जागा कशाला तयार करायची? शिवाय काच टफन्ड असेल तर भोक पाडताना ती चक्काचूर होते.

आधी हिशोब

पाइपचं टाकीतलं तोंड पाण्याच्या पातळीच्या जेमतेम दोन सेंटीमीटर खाली ठेवायचं. लाइट गेली की पाणी या तोंडापर्यंत उतरतं, तोंडात हवा शिरते आणि सायफन, म्हणजे पाणी उलटं ओढलं जाणं, तुटतो. आपल्या टाकीत हे झाले अकरा लिटर. त्यात दोन्ही पाइपांतलं आणि ओव्हरफ्लोच्या कप्प्यातलं पाणी मिळवा. कप्पा लहान असेल तर एकूण पंधरा लिटर धरून चाला, मोठा असेल तर तो मोजूनच घ्या. 75 सेंटीमीटर लांब आणि 30 सेंटीमीटर रुंद संपमध्ये पंधरा लिटर मावायला जवळजवळ सात सेंटीमीटर उंची मोकळी लागते. मी दहा सोडतो.

याच्या उलटही होऊ शकतं. ओव्हरफ्लोच्या जाळीत पानं किंवा मेलेला मासा अडकला तर पाणी खाली येणं थांबतं, पंप मात्र त्याच्या कप्प्यातलं पाणी वर फेकत राहतो. तो कप्पा 20 बाय 30 सेंटीमीटरचा आणि त्यात पंपाच्या जाळीच्या वर 15 सेंटीमीटर पाणी असेल तर नऊ लिटर वर जातील. म्हणजे टाकीची पातळी साधारण दीड सेंटीमीटर चढेल. चालू पातळी आणि टाकीचा काठ यांत तीन सेंटीमीटर मोकळे असतील तर काही सांडत नाही. पंपाचा कप्पा लहान ठेवण्याचं खरं कारण हेच.

पंप किती मोठा

तासाला टाकीच्या चार ते पाच पट पाणी फिरलं तर घरच्या गोड्या पाण्याच्या टाकीला पुरतं. आपल्याला हवं हजार ते साडेबाराशे लिटर. पण पंपाच्या खोक्यावरचा आकडा पाणी मुळीच वर चढवायचं नसेल तेव्हाचा असतो. त्याच खोक्यावर कमाल उंचीही लिहिलेली असते; त्या उंचीला पंपातून एक थेंबही पडत नाही. मधला हिशोब ढोबळमानाने सरळ रेषेत धरा. तासाला 2500 लिटर आणि कमाल उंची अडीच मीटर असा पंप एक मीटर उंचीवर दीड हजाराच्या आसपास देईल, आणि त्यातलं थोडं पाइपाच्या घर्षणात जाईल. उंची मोजायची ती संपमधल्या पाण्याच्या पृष्ठभागापासून टाकीतल्या पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत. पंप किती खोल बुडाला आहे याचा इथे संबंध नाही.

पाइप पंपाच्या तोंडापेक्षा बारीक घेऊ नका. पाऊण इंचीऐवजी एक इंची पाइप घेतला तर तेवढ्याच पाण्याला घर्षण सुमारे एक तृतीयांश होतं. या टाकीला पाऊण इंची पाइप चालतो, पण स्टँडच्या मागे जागा असेल तर मी एक इंचीच घेतो.

हार्डवेअरच्या दुकानात

‘पाऊण इंची पाइप द्या’ एवढंच सांगू नका. आपल्याकडे तीन वेगवेगळे पाइप या नावाने मिळतात आणि ते एकमेकांत बसत नाहीत. नळकामाचा पांढरा यूपीव्हीसी पाऊण इंची पाइप बाहेरून 26.7 मिलिमीटर असतो, गरम पाण्याचा पिवळसर सीपीव्हीसी पाऊण इंची 22.2 मिलिमीटर, आणि शेतीचा करडा पाइप मिलिमीटरच्याच मापाने, 20, 25, 32 असा विकला जातो. पांढरा यूपीव्हीसी घ्या, सगळ्या फिटिंग त्याच्याच घ्या आणि सॉल्व्हंट सिमेंटही यूपीव्हीसीचंच. दुकानातच प्रत्येक फिटिंग पाइपावर चढवून बघा.

आट्यांच्या फिटिंग घेताना आत डोकावून पाहा. बऱ्याच एमटीए (बाहेरून आट्यांचा जोड), एफटीए (आतून आट्यांचा जोड) आणि नळाच्या एल्बोत पितळेची बांगडी बसवलेली असते. पितळेत तांबं असतं, आणि कोळंबी व गोगलगायींना थोडंसं तांबंही मारक ठरतं. पूर्ण प्लॅस्टिकच्या आट्या मागा. दुकानदार ‘पितळेचं मजबूत असतं’ म्हणेल, ते नळासाठी खरं आहे.

यादी लहान आहे: दोन मीटर पाइप, तीन-चार एल्बो, एक युनियन (हाताने सोडवता येणारा जोड), एक बॉल व्हॉल्व्ह, एक एमटीए, एक होज निपल (नळी चढवायचं तोंड), फूटभर ब्रेडेड नळी, स्टीलच्या दोन क्लिप, पाइप बांधायचे क्लॅम्प, टेफ्लॉन टेप, सॉल्व्हंट सिमेंट, हॅक्सॉ ब्लेड आणि पॉलिश पेपर. पारदर्शक नळी टाळा, उजेडाने तिच्यात आतून शेवाळ धरतं.

कोणती वस्तू कुठे

खालून वर हा क्रम ठेवा: पंप, नळीचा छोटा तुकडा, युनियन, त्याच्या वर बॉल व्हॉल्व्ह, मग उभा पाइप, काठावर दोन एल्बोंनी वळण आणि टाकीत खाली वाकलेलं तोंड. नळीचा तुकडा पंपाची थरथर गिळतो. कडक पाइप थेट पंपावर बसवला तर तीच थरथर स्टँडमध्ये उतरते आणि रात्रभर घोंघावते.

व्हॉल्व्ह युनियनच्या वर असण्याला कारण आहे. पंप धुवायचा असला की व्हॉल्व्ह बंद करायचा, युनियन सोडवायची आणि पंप उचलायचा. उभ्या पाइपातलं पाणी जागच्या जागी राहतं. उलट क्रम ठेवलात तर युनियन सोडताच ते सगळं बाहीतून कोपरापर्यंत येतं. आणि दोन्ही वस्तू हात सहज पोहोचेल अशा उंचीवर, संपच्या बरोबर वर ठेवा. म्हणजे थेंब गळले तरी संपमध्येच पडतील.

कापणं आणि चिकटवणं

पाइप काटकोनात कापा. आतल्या बाजूची कूस पॉलिश पेपरने काढा, बाहेरची कडाही किंचित उतरती घासा. मग सगळी लाइन सिमेंटशिवाय जुळवून पाहा. इथे नवखे फसतात. फिटिंगचा सॉकेट आत निमुळता असतो, त्यामुळे कोरडा पाइप अर्ध्या वाटेवर अडतो. सिमेंट लावल्यावर तो तळापर्यंत जातो आणि लाइन प्रत्येक जोडाला एकेक सेंटीमीटरने आखूड होते. म्हणून तुकड्याची लांबी काढताना सॉकेटची पूर्ण खोली मोजा, आणि ती खूण पेन्सिलने पाइपवर करा. एल्बोची दिशाही पाइप आणि फिटिंगवर मिळून एक रेघ ओढून नक्की करून ठेवा.

खिडक्या उघडा, जवळ गॅस किंवा उदबत्ती पेटलेली नको; सॉल्व्हंटची वाफ पेट घेते. पाइप आणि फिटिंग कोरड्या फडक्याने पुसा. सिमेंट फिटिंगच्या आत पातळ आणि पाइपवर सगळीकडून नीट लावा. थोडं फिरवत तळापर्यंत दाबा, पेन्सिलच्या रेघा जुळवा आणि अर्धा मिनिट तसंच धरून ठेवा. लगेच सोडलात तर निमुळता सॉकेट पाइप बाहेर ढकलतो. बॉल व्हॉल्व्हच्या आत सिमेंट ओघळू देऊ नका, चेंडू कायमचा चिकटतो.

आट्यांवर टेफ्लॉन टेप घड्याळाच्या काट्याच्या दिशेने चार-पाच वेढे. हाताने घट्ट करा, मग पान्याने पाव वळसा. त्याहून जास्त जोर लावला तर प्लॅस्टिकची बाहेरची आटी तडकते, आणि ती तड कधी कधी आठवड्याने गळायला लागते. युनियन तर नुसत्या हातानेच. ती गळत असेल तर दोष घट्टपणाचा नसतो. आतली ओ-रिंग (रबरी कडं) खाचेतून निसटलेली असते किंवा तिच्याखाली वाळूचा कण असतो.

सिमेंटला पूर्ण एक दिवस द्या. त्यानंतर बादलीत साधं पाणी घेऊन पंप लावा, लाइनमधून तासभर पाणी खेळवा आणि ते फेकून द्या. पहिल्या दिवशी वास येतो, मासे त्या पाण्यात नकोत.

सायफनचं भोक आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह

तोंड पातळीजवळ ठेवलं की काम झालंच आहे. तरीही टाकीतल्या वळणावर, पाण्याच्या पातळीच्या अगदी किंचित खाली 4 मिलिमीटरचं एक भोक पाडा. तोंडात काही अडकलं, किंवा कुणी तोंड खाली वळवून ठेवलं, तर हवा तिथून शिरेल. पण या एकट्या भोकावर विसंबून तोंड खोल नेऊ नका. बोअरचं पाणी असेल तर क्षार आणि शेवाळ मिळून ते काही आठवड्यांत बुजवतात.

पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह मी घालत नाही. त्याच्या झडपेत शेवाळाचा एक धागा अडकला तरी ती पूर्ण मिटत नाही, आणि तो बसवल्यावर माणूस संपमध्ये जागा सोडायचं विसरतो. शिवाय तो प्रवाहही कमी करतो. पंप उचलताना पाणी अडवायचं काम बॉल व्हॉल्व्ह करतोच.

पाणी भरून चाचणी

टाकी ओव्हरफ्लोच्या काठापर्यंत भरा, संप अर्ध्यापर्यंत भरा आणि पंप चालू करा. पातळ्या स्थिर झाल्या की संपच्या काचेवर पंपाच्या कप्प्यात मार्करने रेघ मारा. आता प्लग उपसा आणि घड्याळ लावून दहा मिनिटं थांबा. पाणी जिथे थांबेल तिथे दुसरी रेघ. ती संपच्या काठापासून निदान तीन सेंटीमीटर खाली हवी. तशी नसेल तर संपमधलं पाणी काढा आणि पुन्हा चाचणी घ्या. प्लग परत लावल्यावर टाकीतली पातळी किती चढते आणि किती वेळात बसते तेही बघा. हे तीनदा करा. पाणी संपमध्ये भरताना पहिल्या रेघेच्या वर कधीच भरायचं नाही, हे घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा. सुट्टीवर असताना टाकी शेजारी सांभाळत असतील तर त्यांनाही.

प्रवाह जास्त वाटला तर बॉल व्हॉल्व्ह थोडा मिटवा. साध्या पंपाला पुढच्या बाजूने आवळलेलं चालतं. त्याची जाळी झाकून, म्हणजे ओढायच्या बाजूने, प्रवाह कधीही कमी करू नका.

विजेची वायर पंपातून सरळ वर बोर्डाकडे नेऊ नका. तिला बोर्डाच्या पातळीच्या खाली एक झोळ द्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी ठिबकेल, प्लगमध्ये जाणार नाही. त्या लाइनवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) असायलाच हवा. आणि संपमध्ये हात घालण्याआधी प्रत्येक वेळी प्लग काढायचा.

पुढचं काम थोडं आहे. दर पाणी बदलताना सायफनच्या भोकातून दात कोरायची काडी फिरवा. दोन-तीन महिन्यांनी युनियन सोडवून पंप बाहेर काढा, त्याचा पंखा धुवा, ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीसचं बोट लावा. व्हॅसलिन नको, त्याने काही रबर फुगतं. आणि पंप परत बसवला की दहा मिनिटांची प्लगची चाचणी पुन्हा घ्या, पाणी दुसऱ्या रेघेवरच थांबतंय ना ते बघा.