चोर्ला घाट उतरताना कान बसला तर

बेळगावहून गोव्याकडे उतरताना बाहेरचा दाब वाढतो. सर्दीने कान-घशामधली नळी सुजली असेल तर ती उघडत नाही, पडदा आत ओढला जातो आणि दडा बसतो. उतार सुरू होताच आवंढे गिळा, जांभई द्या. तान्ह्याला अंगावर पाजा. तरीही सुटला नाही तर नाक चिमटून, तोंड मिटून हळूच फुंका. जोर लावू नका, पडद्याला इजा होते. सर्दी असल्यास मोठ्यांनी अर्धा तास आधी झायलोमेटाझोलिनचे (चोंदलेलं नाक मोकळं करणारं औषध) थेंब नाकात घालावेत (रक्तदाब असल्यास डॉक्टरांना विचारून), पण सलग पाच दिवसांपेक्षा जास्त नकोत. नाहीतर नाक उलट जास्तच चोंदतं. कानात कोमट तेल घालायचं? दाबावर त्याचा काडीचा उपयोग नाही. कान वाहू लागला किंवा अचानक ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा.