लहान ट्रॅक्टरसाठी जुना रोटरी स्लॅशर निवडताना

मृगाच्या सरी पडून गेल्या की माळव्याच्या काळ्या जमिनीत बागेच्या ओळींमधून चालणेही अवघड होऊन बसते. हराळी, लव्हाळा आणि गाजरगवत एकमेकांत मिसळून गुडघ्यापर्यंत येतात, बांधावर बेशरम आणि बाभळीची रोपटी माजतात, आणि नेमके त्याच दिवसांत मजूर मिळत नाहीत. इंदूरजवळ महू, सिमरोल किंवा सांवेरच्या बाजूला ज्यांची पेरूची अथवा लिंबाची लहानशी बाग आहे आणि घरी २४ ते २८ एचपीचा ट्रॅक्टर आहे, त्यांच्यासाठी ट्रॅक्टरमागे जोडून गवत-झुडपे कापणारा रोटरी स्लॅशर हे फार उपयोगाचे यंत्र आहे. वर्षातून मोजकेच दिवस चालणारे हे यंत्र जुने घेण्यात शहाणपण आहे; मात्र ते पारखून घेतले पाहिजे. रंगरंगोटीवरून आणि किमतीवरून निर्णय करणाऱ्याची फसगत होते. सौदा खरोखर ठरतो तो दोन गोष्टींवर: यंत्र आपल्या ट्रॅक्टरला पेलते का, आणि त्याचा गिअरबॉक्स निरोगी आहे का.

प्रथम यंत्राची ओळख नीट करून घ्यावी, कारण जुन्या अवजारांच्या बाजारात स्लॅशर, मल्चर आणि श्रेडर ही नावे सरमिसळ वापरली जातात. स्लॅशरमध्ये पोलादी छताखाली एक उभा दांडा असतो, त्याला आडवी पट्टी किंवा तबकडी बसवलेली असते आणि तिच्या टोकांना दोन किंवा अधिक जड पाती सैल टांगलेली असतात. फिरताना पाती बाहेर ताणली जातात आणि दगड अथवा खुंट लागल्यास मागे वळतात. मल्चरमध्ये आडव्या रोलरवर अनेक लहान हातोड्या किंवा पाती असतात. तो गवताचा अधिक बारीक चुरा करतो, पण शक्ती जास्त मागतो आणि त्याची दुरुस्तीही खर्चिक असते. बागेतील गवत आणि बोटाएवढ्या जाडीची झुडपे कापायची असतील, तर स्लॅशर पुरेसा आहे.

आता ट्रॅक्टरचा हिशेब. जाहिरातीत लिहिलेली एचपी इंजिनाची असते. मागच्या पीटीओवर, म्हणजे अवजाराला इंजिनाची शक्ती देणाऱ्या फिरत्या दांड्यावर, त्यातील साधारण ८० ते ८५ टक्केच मिळते. म्हणजे २४ एचपीच्या ट्रॅक्टरच्या पीटीओवर सुमारे २० एचपी हाती लागते. स्लॅशरच्या दर फूट रुंदीमागे हलक्या गवतासाठी ४ एचपी आणि दाट झुडपांसाठी ५ एचपी धरावी, असा व्यवहारातला अंदाज आहे. या हिशेबाने अशा ट्रॅक्टरला चार फुटी यंत्र योग्य ठरते; पाच फुटी यंत्र स्वस्तात मिळत असले तरी ते ओल्या गवतात इंजिनाचा दम काढील. आपल्या ट्रॅक्टरची पीटीओ शक्ती आणि उचलण्याची क्षमता माहीत नसेल, तर सीहोर जिल्ह्यातील बुदनी येथील केंद्र सरकारच्या संस्थेचा चाचणी अहवाल पाहावा. ही संस्था देशभरातील ट्रॅक्टर तपासते, आणि तिचे आकडे माहितीपत्रकापेक्षा अधिक विश्वासाचे असतात. रुंदीची एक खालची मर्यादाही आहे: यंत्राची कापणी मागच्या दोन्ही टायरांच्या बाहेरच्या कडांपर्यंत पोहोचली पाहिजे, नाहीतर टायरखाली दबलेले गवत तसेच राहते.

जोडणी पाहताना खालच्या पिना २२ मिलिमीटरच्या आणि टॉप लिंकची, म्हणजे वरच्या मधल्या जोडदांड्याची, पिन १९ मिलिमीटरची आहे ना, हे मोजून घ्यावे. लहान ट्रॅक्टरांच्या पहिल्या श्रेणीच्या जोडणीचे हे माप आहे. मोठ्या ट्रॅक्टरवरून उतरलेल्या यंत्राला जाड पिना असतात आणि मग त्या बदलण्याची खटपट करावी लागते. पिनांची भोके लांबट झाली असतील, तर यंत्र भरपूर चालले आहे असे समजावे. हा दोष वेल्डिंगने दूर होतो, परंतु किंमत ठरवताना तो मोजला गेलाच पाहिजे.

गिअरबॉक्सकडे वळण्यापूर्वी एक काम न चुकता करावे. यंत्राखाली पाहण्यासाठी ते उचलून भक्कम लाकडी ठोकळ्यांवर टेकवावे, ट्रॅक्टर बंद करून किल्ली स्वतःच्या खिशात ठेवावी आणि ट्रॅक्टरचा पीटीओ यंत्राच्या गिअरबॉक्सला जोडणारा पीटीओ शाफ्ट काढून घ्यावा. केवळ हायड्रॉलिकवर तोललेल्या यंत्राखाली हातही घालू नये, मग विक्रेता कितीही घाई करो.

गिअरबॉक्सच्या बाजूला तेलाच्या पातळीचे बूच असते. ते उघडून बोट आत घालावे. तेल दूध घातलेल्या चहासारखे दिसले तर आत पाणी शिरले आहे आणि बेअरिंगला गंज चढला असण्याची दाट शक्यता आहे. बोटांवर चमकदार कण आले तर दाते झिजत आहेत. तेलाच्या जागी घट्ट ग्रीस भरलेले आढळले तर अधिकच सावध व्हावे, कारण खालच्या सीलमधून, म्हणजे दांड्याभोवती तेल अडवणाऱ्या रबरी कड्यामधून, होणारी गळती लपवण्याचा तो जुना उपाय आहे. खालचे सील हेच या यंत्राचे सर्वांत नाजूक ठिकाण आहे. बागेत पडलेली सुतळी, ठिबक सिंचनाची नळी किंवा कुंपणाची तार उभ्या दांड्याभोवती गुंडाळली जाते, हळूहळू वर सरकते आणि सीलची रबरी कड कापते. मग तेल थेंबाथेंबाने गळून जाते आणि मालकाच्या ते ध्यानातही येत नाही. म्हणून टॉर्च घेऊन पट्टीच्या वरच्या बाजूला, दांड्याच्या मुळाशी पाहावे. तिथे तारेचे वेढे आणि तेलात भिजून काळा पडलेला गवताचा थर दिसला, तर सील गेलेले आहे असेच धरावे. सील स्वतः स्वस्त असते आणि इंदूरच्या सियागंज बाजारात मापाने मिळू शकते. प्रश्न असतो तो तेलाविना यंत्र किती काळ चालले, हा.

त्याचे उत्तर हाताने मिळते. पात्यांची पट्टी एका माणसाने घट्ट धरावी आणि दुसऱ्याने गिअरबॉक्सचा वरचा शाफ्ट दोन्ही दिशांनी हलवून पाहावा. थोडी मोकळी चाल असणे स्वाभाविक आहे, पण शाफ्ट बराच फिरूनही पट्टी जागची हलत नसेल, तर दाते झिजले आहेत. मग पट्टीचे टोक धरून वर-खाली दाबावे. खटखट असा आवाज होऊन टोक वर-खाली झाले तर उभ्या दांड्याचे बेअरिंग गेले आहे. शेवटी पट्टी हळूहळू फिरवून तिच्या टोकाचे छतापासूनचे अंतर एकाच ठिकाणी उभे राहून मोजावे. दोन टोकांचे अंतर वेगवेगळे आले तर पट्टी, एखादे पाते किंवा उभा दांडा वाकला आहे. तेच टोक चारही बाजूंना नेऊन मोजल्यास अंतर बदलत असेल, तर छत तरी वाकले आहे किंवा गिअरबॉक्स तरी तिरपा बसला आहे. पट्टी बदलता येते. वाकलेला दांडा असलेले यंत्र माझ्या मते फुकट मिळाले तरी घेऊ नये, कारण त्याची थरथर नवे सील आणि नवे बेअरिंगही थोड्याच दिवसांत खाऊन टाकते.

पात्यांची धार गेलेली असणे हा दोष नव्हे. ती लावता येते. पण पात्याला भेग असेल, मोडलेले पाते वेल्डिंग करून जोडले असेल, किंवा दोन पाती वेगवेगळ्या वजनाची असतील, तर ती बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करावा, आणि पाती नेहमी जोडीनेच बदलावीत. यामागचे कारण हिशेबाने कळते. पीटीओ मिनिटाला ५४० फेऱ्यांनी फिरतो, गिअरबॉक्स तो वेग साधारण दीडपट वाढवतो, आणि चार फुटी यंत्रात पात्याचे टोक तासाला सुमारे १८० किलोमीटर वेगाने धावते. माळव्याच्या शेतातील काळ्या दगडाचा लहानसा तुकडाही त्या वेगाने बाहेर फेकला गेला तर बंदुकीच्या गोळीइतका घातक ठरतो. यासाठीच मागच्या आणि पुढच्या बाजूला साखळ्यांचा किंवा रबरी पट्ट्यांचा पडदा असतो. जुन्या यंत्रांवरून तो बहुधा नाहीसा झालेला असतो. तो पुन्हा बसवल्याशिवाय यंत्र चालवू नये, आणि काम चालू असताना आसपास कोणालाही, विशेषतः मुलांना, येऊ देऊ नये.

पीटीओ शाफ्टची एकात एक सरकणारी दुहेरी नळी पूर्ण ताणल्यावरही किमान एक तृतीयांश लांबी एकमेकीत राहिली पाहिजे आणि यंत्र वर उचलल्यावर ती आत टेकता कामा नये. शाफ्टच्या सांध्यातील क्रॉसच्या बेअरिंगमध्ये ढिलाई आहे का, हे हाताने पिळून पाहावे. प्लास्टिकचे आवरण नसेल तर ते विकत घ्यावे. फिरत्या शाफ्टमध्ये धोतर किंवा ओढणी अडकून होणारे अपघात केवळ या एका आवरणाने टळतात. जादा धक्का बसताच मुद्दाम तुटणाऱ्या शिअर बोल्टच्या जागी कोणी कठीण पोलादी बोल्ट ठोकला असेल, तर खुंटाचा धक्का बोल्टने न सोसता गिअरबॉक्सने सोसला आहे असे समजून दातांची तपासणी पुन्हा करावी. त्याऐवजी जादा भार येताच घसरणारा स्लिप क्लच असेल तर तो गंजून चिकटलेला असू शकतो. त्याच्या चकत्यांवर आडवी खडूची रेघ ओढावी, स्प्रिंग सैल करून क्षणभर पीटीओ जोडावा, आणि रेघ तुटली का ते पाहावे. तुटली नाही तर क्लच निकामी आहे.

ज्या ट्रॅक्टरला चाकांसाठी आणि पीटीओसाठी मिळून एकच क्लच आहे त्यांच्या मालकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. क्लच दाबला तरी जड पाती आपल्या गतीने फिरत राहतात आणि तीच गती उलट्या मार्गाने ट्रॅक्टरला पुढे ढकलते. विहिरीच्या काठाशी किंवा झाडाजवळ हे जीवावर बेतू शकते. पीटीओवर एकाच दिशेने शक्ती देणारा ओव्हर-रनिंग क्लच बसवल्यास हा धोका जातो. मात्र त्याने लांबी वाढते, म्हणून शाफ्ट त्या मानाने कापून घ्यावा लागतो.

छत आणि बाजूचे पत्रे लवकर पाहून होतात. ओले गवत आत चिकटून राहिल्याने पत्रा खालून कुजतो, तेव्हा हातोडीने टकटक करून पातळ जागा शोधाव्यात. गिअरबॉक्स ज्या बोल्टांवर बसतो त्यांच्याभोवती मात्र बारकाईने पाहावे. तिथली भेग आणि तिच्यावर चढवलेला ताजा रंग ही वाईट खूण आहे. मागचे चाक आणि बाजूच्या घसरपट्ट्या झिजलेल्या असल्या तरी काळजीचे कारण नाही, गावचा वेल्डरही त्या करून देतो.

यानंतर यंत्र आपल्याच ट्रॅक्टरला जोडून चालवून पाहण्याचा आग्रह धरावा. काही लहान ट्रॅक्टरांत पीटीओला ५४० शिवाय दुसरा, अधिक वेगही असतो. चाचणी ५४० वरच घ्यावी. सुरुवात कमी थ्रॉटलवर करून वेग हळूहळू वाढवावा आणि दहा मिनिटे चालू द्यावे. स्टीअरिंगमध्ये थरथर जाणवू नये आणि कर्कश घरघर ऐकू येऊ नये. पीटीओ बंद करून पाती पूर्ण थांबल्यावर गिअरबॉक्सला हात लावून पाहावा: कोमट असणे ठीक आहे, हात ठेववत नसेल तर आत दोष आहे. यंत्र उचलल्यावर ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी पडत असतील, तर पुढे वजने लावल्याशिवाय ते नेऊ नये.

खरेदीची वेळ म्हणाल तर दिवाळीनंतर, गवत कापून झालेले असताना, विक्रेता नरम असतो. ज्येष्ठात तोच अडून बसतो. मूळ पावती मागावी, आणि यंत्र सरकारी अनुदानावर घेतलेले असेल तर विक्रीवर काही बंधन आहे का, हे कृषी विभागाच्या कार्यालयात विचारून मगच पैसे द्यावेत.

घरी आणल्यावर गिअरबॉक्समधील जुने तेल काढून ९० ग्रेडचे गिअर ऑइल बुचाच्या पातळीपर्यंत भरावे आणि सर्व निप्पलांना ग्रीस द्यावे. कापणीसाठी यंत्राची पुढची बाजू मागच्यापेक्षा दीड-दोन सेंटिमीटर खाली ठेवावी. गाजरगवत फुलावर येण्याआधीच कापावे, म्हणजे बी पडत नाही. कापलेले गवत जाळू नये; अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदुरातच शेतातील काडीकचऱ्यापासून कंपोस्ट करण्याची पद्धत सिद्ध केली, आणि स्लॅशरने तुकडे केलेले गवत त्या ढिगात लवकर कुजते. पहिला तासभर काम झाल्यावर ट्रॅक्टर बंद करावा, यंत्र ठोकळ्यांवर घ्यावे आणि पात्यांचे बोल्ट पुन्हा एकदा आवळून घ्यावेत.