इंजिनातल्या अग्निशमन नळीची गळती: माझा अनुभव

आमचं मोटरहोम म्हणजे टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेली, आत राहण्याची सोय असलेली गाडी. मे महिन्यात लातूर-नांदेड पट्ट्यात ऊन ४२-४३ अंशांवर जातं, म्हणून बॉनेटखाली आपोआप चालणारी अग्निशमन यंत्रणा बसवली होती. यात दाब भरलेली प्लास्टिकची नळी इंजिनावरून फिरवतात. आग लागली की नळी तिथंच वितळून फुटते आणि तिला जोडलेल्या बाटलीतला आग विझवणारा वायू नेमका आगीवर सुटतो. वीज लागत नाही, हे मला फार आवडतं.

पण दाब दाखवणारा काटा हिरव्या पट्ट्यातून खाली यायला लागला. साबणाचं पाणी ब्रशने प्रत्येक जोडावर लावलं, तर नळीच्या शेवटच्या टोकाला बारीक बुडबुडे! बाटलीचा व्हॉल्व्ह बंद केला, नळीतला दाब सोडला, टोक काटकोनात कापून नवं फिटिंग बसवलं. दाब असताना जोड कधीही सोडू नका, सगळा वायू क्षणात निघून जातो. बाटली मात्र एजन्सीकडूनच भरून घेतली.

नळी टर्बोला (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या, खूप तापणाऱ्या भागाला) खेटून होती, तीही थोडी लांब बांधली. डिझेलचे पाइपही बदलले. आगीचं मूळ बऱ्याचदा डिझेलच्या गळतीत असतं. आणि धूर दिसला की आधी इंजिन बंद करा, नाहीतर पंखा वायू उडवून लावतो.