छोटा लॅपटॉप घेताना आधी ‘आई, चटई उचल’ टाइप करून बघा

मी भाषांतरं करते. दिवसाचे बरेच तास टेबलावरच्या मोठ्या कॉम्प्युटरसमोर जातात, पण पहिला खर्डा मात्र मी 11.6 इंची, स्वस्तातल्या लॅपटॉपवर लिहिते. वजन किलोच्या आसपास, आत पंखा नाही, त्यामुळे घरघर नाही. मांडीवर घ्यावा, लिहावं, झाकण मिटून पिशवीत टाकावा. पडला तरी काळजात धस्स होत नाही. हा माझा तिसरा. पहिल्या दोन वेळी मी चुकीचा घेतला, म्हणून हे लिहायला बसले.

हा प्रकार लोकांच्या नजरेत भरला तो 2007 च्या अखेरीस, आसूसच्या ई पीसी 701 मुळे. 7 इंची स्क्रीन, 512 एमबी रॅम, 4 जीबी साठवण आणि विंडोजऐवजी लिनक्स. मेल, इंटरनेट, चार ओळी लिहिणं, संपलं. पुढच्याच वर्षी इंटेलचा अ‍ॅटम प्रोसेसर आला आणि जो तो ‘नेटबुक’ काढू लागला. मग त्यांच्यात विंडोज आली, हार्ड डिस्क आली, आणि मोठ्या लॅपटॉपची सगळी कामं त्या बिचाऱ्याकडून करून घ्यायची हौसही आली. पुढे टॅब्लेट आले आणि नेटबुक हे नाव मागे पडलं. हौस मात्र अजून गेलेली नाही.

तेव्हा आधी कागदावर लिहा: या यंत्रावर मी नेमकं काय करणार? तीन कामं पुरेत. माझी अशी आहेत: लिहिणं, शब्दकोश उघडा ठेवणं, मेल. तुमच्या यादीत व्हिडिओ एडिटिंग असेल, किंवा व्हिडिओ कॉल चालू ठेवून त्याच वेळी वीस टॅब उघडायचे असतील, तर इथेच थांबा, पुढचं वाचू नका.

यादी जमली की दोन गोष्टी बघायच्या, रॅम आणि साठवण. कारण या लॅपटॉपमध्ये दोन्ही बहुतेक वेळा मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य बोर्डवर, सोल्डर केलेल्या असतात. ‘नंतर वाढवू’ हे इथे चालत नाही. विंडोज 11 ला किमान 4 जीबी रॅम आणि 64 जीबी साठवण लागते असं मायक्रोसॉफ्टच सांगते. पण किमान म्हणजे चालू होण्यापुरतं. 4 जीबीतला मोठा वाटा विंडोजच खाते, उरलेल्यात ब्राउझर. रॅम भरली की यंत्र साठवणीतली जागा उसनी घेतं, आणि तीही संथ असली की माउसचा बाण जागच्या जागी गोठतो. विंडोज वापरायची तर 8 जीबीच घ्या. 4 जीबीवर क्रोमओएस (गूगलची हलकी सिस्टीम) किंवा एखादं हलकं लिनक्स बरं चालतं.

साठवणीत ‘ईएमएमसी’ लिहिलंय की ‘एसएसडी’, हे बघा. ईएमएमसी म्हणजे साधारण मोबाइलमधल्या मेमरीच्या जातीची चिप. लिहिण्या-वाचण्यापुरती चालते, पण मोठं अपडेट आलं की हाशहुश करते. एसएसडी त्याहून बरीच वेगवान. माझा पहिला लॅपटॉप 32 जीबी ईएमएमसीचा होता. सहा महिन्यांतच अपडेट म्हणायला लागलं, जागा नाही. मी फोटो काढून टाकले, डाउनलोड पुसले, नको ते प्रोग्रॅम उडवले. तरी जागा नाहीच. पुसायला माझं असं काही उरलंच नव्हतं, सगळी जागा सिस्टीमनेच बळकावलेली! शेवटी पेन ड्राइव्ह जोडून, त्यावर तात्पुरती जागा देऊन अपडेट पार पाडलं. पुढच्या मोठ्या अपडेटला पुन्हा तेच. कंटाळून लिनक्स टाकलं, तेव्हा कुठे निम्मी जागा मोकळी दिसली.

प्रोसेसरवर फार डोकं खपवू नका. इंटेलचा एन100 किंवा त्याच्या आसपासचा मिळाला तर उत्तम: चार कोर, आणि वीज 6 वॅटच्या घरात, म्हणून पंख्यावाचून भागतं. इंटेलचेच दोन कोरचे जुने, स्वस्त सेलेरॉन टाळा.

स्क्रीन दुकानात उभ्याने बघू नका, मांडीवर घेऊन बघा. स्वस्त लॅपटॉपमध्ये अजूनही टीएन नावाच्या जुन्या प्रकारचे पॅनेल सापडतात. झाकण थोडं मागे-पुढे केलं की चेहरे काळवंडतात, पांढरं पिवळट दिसतं. आयपीएस प्रकारचं पॅनेल असेल तर हा त्रास नाही.

आता कीबोर्ड. मराठी लिहिणाऱ्याचं सगळ्यात जास्त इथेच अडतं आणि नेमकं हेच कोणी सांगत नाही. जागा वाचवायला कंपन्या बटणं बारीक करतात ती बहुधा उजव्या कडेची. इंग्रजीत तिथे विरामचिन्हं असतात, म्हणून खपून जातं. इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे मराठीच्या प्रमाण कीबोर्ड मांडणीत, मात्र तिथे च, ट, ड आणि य बसलेत. ‘ऑ’ची मात्रा बॅकस्लॅशवर असते. आणि अ, आ, इ, ई काढायचे तर डाव्या हाताची बटणं, म्हणजे शिफ्ट उजवी. माझ्या दुसऱ्या लॅपटॉपला उजवी शिफ्ट अर्धीच होती आणि शेजारी ‘वर’चा बाण. ‘आई’ लिहायला जावं तर बोट बाणावर, कर्सर वरच्या ओळीत, आणि तिथल्या कुठल्यातरी सज्जन शब्दाला काना आणि वेलांटी चिकटलेली. एका परिच्छेदात सहा वेळा हे झाल्यावर मी लॅपटॉप मिटला तो मिटलाच.

म्हणून आता मी कुठलाही लॅपटॉप हाती आला की एक वाक्य टाइप करते: ‘आई, चटई उचल, डॉक्टर यायचेत.’ कडेची सगळी अक्षरं त्यात येतात. मराठी कीबोर्ड चालू नसेल तर नुसती बोटं फिरवून बघा. तीनदा न चुकता जमलं तर घ्या.

घरी आणल्यावर पहिल्या दिवशी एवढं करा. आधीपासून भरलेले चाचणी मुदतीचे अँटिव्हायरस आणि खेळ काढून टाका. सुरू होताना आपोआप उघडणारे प्रोग्रॅम बंद करा. विंडोज ‘एस मोड’मध्ये असेल तर फक्त मायक्रोसॉफ्टच्याच स्टोअरमधली अ‍ॅप चालतात. त्यातून फुकट बाहेर पडता येतं, पण परत आत जाता येत नाही, तेव्हा विचार करून. क्रोमबुक, म्हणजे क्रोमओएसवाला लॅपटॉप, असेल तर सेटिंगमध्ये अपडेटची शेवटची तारीख बघा. ही मुदत तुमच्या खरेदीपासून नव्हे, ते हार्डवेअर बाजारात आलं तेव्हापासून मोजतात, त्यामुळे सवलतीत मिळणारं ‘नवं’ यंत्र आधीच अर्धं म्हातारं असू शकतं.

तेवढ्याच पैशात ऑफिसातून निघालेला, चार-पाच वर्षं वापरलेला लॅपटॉप मिळतो, तोही बघा. कीबोर्ड सहसा चांगला, रॅम बरेचदा वाढवता येते. पण वजन जास्त आणि बॅटरी थकलेली. बॅटरी रिपोर्ट, म्हणजे बॅटरीच्या तब्येतीचा अहवाल, काढून मूळ क्षमता आणि आताची क्षमता यांची तुलना करा, निम्म्यावर आली असेल तर नव्या बॅटरीचा खर्च धरूनच भाव करा. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आहे, म्हणून त्यावर 11 चालते का तेही विचारा. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो.

आणि सोल्डर केलेली साठवण मेली की सहसा बोर्डच बदलावा लागतो. तो खर्च या छोट्या लॅपटॉपच्या किमतीला परवडत नाही. म्हणून माझ्या यंत्रावर एकही फाइल एकटी राहत नाही. झाकण मिटण्याआधी खर्डा क्लाउडवर जातो, आणि नेट नसेल तर पेन ड्राइव्हवर. तोच जुना, अपडेटच्या वेळी कामाला आलेला.