ओपन की लॅप, कुणाला जास्त दुखलं? थिसिससाठी ही तुलना नीट कशी करायची

सिनॉप्सिस (थिसिसचा आराखडा) जमा करायचे दिवस आले की मला ज्युनियर्सचे फोन सुरू होतात. मॅडम टॉपिक मिळाला, ओपन हर्निया वर्सेस लॅप हर्निया (मोठा चिरा देऊन की दुर्बिणीतून), पोस्ट-ऑप पेन (ऑपरेशननंतरचं दुखणं) बघायचंय, सोपं आहे ना? मी भूलतज्ज्ञ आहे, वाशी-नेरूळ-कोपरखैरणे या पट्ट्यात रोजच्या केसेस असतात आणि आठवड्यातले दोन दिवस ट्रान्स हार्बर पकडून ठाण्याला, त्यामुळे प्रत्येकाला फोनवर तासभर समजावणं जमत नाही. म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवतेय. सर्जरीवाले, अ‍ॅनेस्थेशियावाले दोघांनाही चालेल.

सगळ्यात आधी एक कागद घ्या, मध्ये रेघ मारा, डावीकडे ग्रुप ए उजवीकडे ग्रुप बी, आणि पेशंट ओटीत शिरल्यापासून घरी जाईपर्यंत त्याच्यासोबत काय काय होतं ते दोन्हीकडे लिहीत जा. कुठली भूल, कुठलं औषध किती मिलीग्रॅम, कोण ऑपरेट करणार, ड्रेनेज ट्यूब आहे का, रात्री कुठलं इंजेक्शन. मग बघा दोन्ही बाजूंत किती ओळी वेगळ्या आल्या. एकच ओळ वेगळी असली पाहिजे, जी तुमच्या टॉपिकमध्ये आहे ती. हर्नियाच्या थिसिसमध्ये हमखास काय होतं, तर ओपनचे पेशंट स्पायनलखाली (पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखाली बधिर) होतात आणि लॅपचे बहुतेक सगळे जीएखाली (पूर्ण भूल). आता ऑपरेशननंतर एक तासाने तुम्ही दुखणं विचारलंत तर ओपनवाल्याचे पाय अजून बधिर आहेत, त्याला कसलं दुखणार, आणि लॅपवाला शुद्धीवर येऊन कण्हतोय. तुम्ही लिहिणार, पहिल्या तासात ओपनमध्ये वेदना कमी. अहो, तुम्ही सर्जरी नाही मोजली, स्पायनल मोजलं! त्यामुळे एक तर दोन्ही ग्रुपला एकच भूल ठरवा, किंवा ते शक्य नसेल तर स्पायनल पूर्ण उतरल्यानंतरचेच आकडे तुलनेला घ्या आणि हे सिनॉप्सिसमध्ये आधीच स्पष्ट लिहा, व्हायवाला विचारल्यावर नाही.

वेदना कमी करायच्या पद्धतींची तुलना असेल तर डोस बघा. समजा लॅप कोलेसिस्टेक्टॉमीमध्ये (दुर्बिणीतून पित्ताशय काढणं) टॅप ब्लॉक (पोटाच्या भिंतीतल्या नसा बधिर करायचं इंजेक्शन) वर्सेस पोर्टच्या जागी (दुर्बीण घालायच्या छिद्रांपाशी) लोकल असा टॉपिक आहे. टॅपला दोन्ही बाजूंना २०-२० एमएल ०.२५ टक्के ब्युपिव्हाकेन (बधिर करायचं औषध) म्हणजे १०० मिलीग्रॅम झालं, पन्नास किलोच्या बाईला हे किलोमागे २ मिलीग्रॅम, म्हणजे सेफ्टीच्या कडेला. आणि पोर्टच्या ग्रुपला तुम्ही २० एमएलच देताय, ५० मिलीग्रॅम. मग टॅप जिंकला तर ब्लॉक जिंकला की दुप्पट औषध जिंकलं? सांगता येणार नाही. दोघांना एकूण मिलीग्रॅम सारखे द्या, वजनाप्रमाणे. आणि टॅप ब्लॉक पोटाची भिंत बधिर करतो, आतलं दुखणं आणि पोट फुगवायला भरलेल्या गॅसमुळे डायफ्रॅम चिडून खांद्यात येणारी कळ त्याने जात नाही, म्हणून पोट, आत खोल आणि खांदा असे तीन वेगळे कॉलम ठेवा. खांद्याचं दुखणं एकत्र मोजलंत तर चांगला ब्लॉकसुद्धा फेल दिसतो.

दोन्ही ग्रुपला ठरलेल्या वेळी पॅरासिटामॉल द्यायचंच. कंट्रोल ग्रुपला काहीच न देता नुसतं दुखू द्यायचं आणि मग आपला ब्लॉक भारी म्हणायचं, हे मला अजिबात पटत नाही. तो माणूस तुमच्या थिसिससाठी आडवा झालाय.

आता दुखणं मोजायचं कसं, इथे जरा थांबते कारण सगळा थिसिस इथेच बनतो किंवा बिघडतो. शून्य ते दहाचा स्केल सगळ्यांना माहितीये. पण आपला पेशंट कोण आहे ते बघा. एपीएमसी मार्केटमधले एक माथाडी काका हर्नियासाठी आले होते, पन्नाशीचे, आयुष्यभर पाठीवर गोणी वाहिलेला माणूस. ऑपरेशननंतर सहा तासांनी रेसिडेंटने विचारलं, काका दुखतंय का? काका म्हणाले, नाही हो डॉक्टर, बरंय. त्याने शून्य लिहिलं आणि निघाला. मी त्याला थांबवून म्हटलं काका जरा खोका बरं. काकांनी आधी डावा हात जांघेवर घट्ट दाबला, मग अर्धवट खोकले, आणि उशीची कड उजव्या मुठीत धरलेली तशीच राहिली. मग म्हणाले, हां, खोकताना कळ येते, सात असेल. तोच माणूस, तोच मिनिट, शून्य आणि सात. डॉक्टरसमोर तक्रार कशाला करायची ही आपल्या लोकांची सवय आहे आणि तुमचा आकडा त्या सवयीवर उभा राहता कामा नये. म्हणून पडून असताना एक आकडा आणि खोकताना किंवा उठून बसताना दुसरा, दोन्ही लिहायचे, प्रत्येक वेळी, आणि हर्निया किंवा पोटाच्या ऑपरेशनला मी खोकतानाचाच आकडा मुख्य धरायला सांगते.

स्केल शिकवायचा तो ऑपरेशनच्या आदल्या दिवशी. गुंगीतल्या माणसाला रिकव्हरीत पहिल्यांदा स्केल दाखवून काही उपयोग नाही. आणि अजून एक, वयस्कर लोक आकड्यात नाही बोलत, आण्यांत बोलतात. बारा आणे बरंय डॉक्टर. हे ऐकून रेसिडेंट चार आणे दुखतंय म्हणून अडीच किंवा तीन लिहून टाकतो, ते चूक आहे. बारा आणे बरंय म्हणजे मघापेक्षा किती कमी झालं ते सांगताहेत ते, आत्ता किती दुखतंय ते नाही. ज्याला मघाशी दहा होतं आणि ज्याला चार होतं, दोघेही बारा आणे म्हणू शकतात. अशा वेळी परत शून्य ते दहावर आणा, बोटं दाखवून विचारा, पण सगळ्यांना वाक्य एकच, शब्दही तेच. ते मराठीत आणि हिंदीत आधी लिहून कार्डावर चिकटवा. ठणका, आग, ओढ, चमक, कळ असं पेशंट काय म्हणतो तेही बाजूला लिहून ठेवा, पुढे तीन महिन्यांनी जांघेत आग होतेय म्हणून आला तर नर्व्हचा विचार करायला तेच शब्द कामी येतात.

विचारणारा माणूस वेगळा पाहिजे. ज्याने ब्लॉक दिला त्याने स्कोर विचारायचा नाही. माझ्या स्वतःच्या थिसिसमध्ये मीच ब्लॉक द्यायचे आणि मीच विचारायचे, आणि आज मागे वळून बघताना त्या आकड्यांवर माझाच पूर्ण विश्वास बसत नाही, कारण ब्लॉक दिलेल्या पेशंटला मी "आता बरंय ना?" असं विचारत असणार. सर्जन ब्लाइंड (कुठला ग्रुप ते माहीत नसलेला) होऊ शकत नाही हे खरं, पण पेशंट आणि विचारणारा दोघेही होऊ शकतात. १९९६ मध्ये लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये शेफिल्डचा एक ट्रायल आला होता, लॅप वर्सेस छोट्या चिऱ्याची कोलेसिस्टेक्टॉमी, २०० पेशंट, आणि त्यांनी सगळ्यांच्या पोटावर एकसारखं ड्रेसिंग लावलं, म्हणजे पेशंटलाही कळेना आणि वॉर्डातल्यांनाही. आणि मग मुक्काम किती दिवस, कामावर परत कधी, यात फरक सापडलाच नाही! आपल्याकडे तर एक मोठं चिकटपट्टीचं ड्रेसिंग २४ तास ठेवायला काहीच खर्च नाही. फक्त सिस्टरना आणि मावशींना आधी जाऊन नीट सांगा, नाहीतर सकाळच्या राउंडला ते काढलेलं असतं.

रेस्क्यूचा, म्हणजे जास्त दुखलं तर द्यायच्या जादा औषधाचा, नियम आधीच ठरवा. आकडा ४ किंवा जास्त झाला की ठरलेलं औषध, ठरलेला डोस, आणि वेळ लिहायची. हे नसेल तर काय होतं, एका ग्रुपला जास्त दुखलं, त्यांना ट्रॅमाडॉल (दुखणं कमी करायचं औषध) जास्त गेलं, त्यामुळे त्यांचे स्कोर खाली आले आणि दोन्ही ग्रुप सारखे दिसले. स्कोर सारखे आले म्हणजे ब्लॉक निरुपयोगी असं लिहून टाकू नका, आधी २४ तासांत कुणाला किती मिलीग्रॅम लागलं ते बघा, कितीजणांना उलट्या झाल्या, कितीजण झोपाळलेले होते तेही. रात्री दोनचा डोस नाइटच्या सिस्टर देतात आणि तो केस पेपरवर असतो पण तुमच्या प्रोफॉर्मात (थिसिसच्या नोंदीच्या फॉर्मात) नसतो, म्हणून सकाळी पहिला ट्रीटमेंट चार्ट उघडा, पेशंट नंतर. आणि शून्य तास कुठून मोजणार तेही लिहा, ब्लॉक दिला तिथून की शेवटचा टाका घातला तिथून. दीड तासाच्या केसमध्ये दीड तासाचा फरक पडतो.

रँडमायझेशन (कोण कुठल्या ग्रुपात हे निव्वळ योगायोगाने ठरवणं) म्हणजे आज सोमवार म्हणून ग्रुप ए, असं नाही. कंप्युटरवरून यादी काढा, अपारदर्शक पाकिटं करा, नंबर टाका, सील करा, आणि ती तुमच्या कपाटात न ठेवता दुसऱ्याकडे ठेवा. पाकीट उघडायचं पेशंटची संमती झाल्यावर. जाड पेशंट आला की हे पाकीट राहू दे पुढचं घेऊ, असं एकदा झालं तरी सगळं गेलं. आणि सर्जन एकच किंवा सारख्या अनुभवाचे हवेत. सरांनी केलेला ओपन आणि पहिल्या वर्षाच्या लेक्चररने शिकत शिकत केलेला लॅप यांची तुलना म्हणजे माणसांची तुलना झाली.

सँपल साइज, म्हणजे किती पेशंट घ्यायचे. ३०-३० घेऊ असं सगळे म्हणतात, का ते कुणी सांगत नाही. साधा हिशोब आहे: एका ग्रुपला लागणारे पेशंट = १६ गुणिले एसडीचा (स्टँडर्ड डेव्हिएशन, आकडे सरासरीभोवती किती पसरलेत ते) वर्ग भागिले फरकाचा वर्ग, हे ८० टक्के पॉवर (खरा फरक असेल तर तो सापडायची शक्यता) आणि ५ टक्के अल्फासाठी (फरक नसतानाही तो दिसायची शक्यता). स्कोरची एसडी २ धरली आणि २ पॉइंटचा फरक पकडायचा असेल तर १६ पुरतात. पण पेशंटला जाणवेल असा छोट्यात छोटा फरक १०० मिलीमीटरच्या स्केलवर साधारण १० मिलीमीटर मानतात, म्हणजे १ पॉइंट, आणि तो पकडायला ६४ लागतात, दहा टक्के गळती धरून ७२. दोन्ही मिळून १४४. तुमच्या ओटी रजिस्टरमध्ये महिन्याला किती हर्निया होतात ते टॉपिक घ्यायच्या आधी मोजा. तेवढे मिळत नसतील तर टॉपिक बदला. ३०-३० मध्ये दीड पॉइंटपेक्षा लहान फरक बहुतेक वेळा सुटून जातो आणि मग "नो सिग्निफिकंट डिफरन्स" लिहून आपण चांगली पद्धत नापास करतो.

मुख्य आउटकम, म्हणजे ज्यावर निकाल ठरणार तो आकडा, एकच. एक, दोन, चार, सहा, आठ, बारा, चोवीस तासांनी असे सात वेळा स्कोर घेतले आणि प्रत्येकाची पी व्हॅल्यू (खरा फरक नसतानाही एवढा फरक योगायोगाने दिसायची शक्यता) काढली तर, ते एकमेकांपासून स्वतंत्र धरले तर, नुसत्या योगायोगाने एक तरी ०.०५ च्या खाली यायची शक्यता जवळपास ३० टक्के. तोच एक तास कन्क्लूजनमध्ये ठळक लिहिला जातो. हे करू नका प्लीज. आणि स्कोर बहुतेक वेळा एका बाजूला झुकलेले असतात, मीडियन (मधला आकडा) द्या, मॅन-व्हिटनी (अशा झुकलेल्या आकड्यांसाठीची चाचणी) वापरा, स्टॅटिस्टिशियनकडे डेटा गोळा करायच्या आधी जा.

एथिक्स कमिटीचं झालं की सीटीआरआयवर (क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री इंडिया, अशा अभ्यासांची सरकारी नोंदवही) रजिस्ट्रेशन, पैसे लागत नाहीत, पण १ एप्रिल २०१८ पासून पहिला पेशंट घेण्याआधीच करावं लागतं, नंतर घेत नाहीत. पीजी थिसिसचंही करा. संमतीपत्र मराठीत वाचून दाखवा, आणि नाही म्हणालात तरी ऑपरेशन तसंच होणार, हे वाक्य नातेवाइकांसमोर मोठ्याने म्हणा.

आणि २४ तासांवर थांबू नका. मूळव्याधीचं उदाहरण घ्या, स्टेपलरने केलं की सुरुवातीला कमी दुखतं हे खरंच आहे, पण यूकेमधला ईथॉस ट्रायल, ७७७ पेशंट, लॅन्सेट २०१६, त्यात दोन वर्षांचं बघितलं तर जुनी कापून काढायची पद्धतच सरस ठरली आणि स्टेपलरमध्ये परत उद्भवायचं प्रमाण जास्त निघालं. पहिल्या रात्रीचा स्कोर तेवढाच धरला असता तर उलटा सल्ला गेला असता. हर्नियाला तीन महिन्यांनंतरचं दुखणं विचारायलाच पाहिजे, ऑपरेशननंतरचं दुखणं तीन महिन्यांच्या पुढे गेलं की त्याला क्रॉनिक म्हणतात.

त्यासाठी फोन नंबर दोन घ्या, एक पेशंटचा आणि एक घरातल्या दुसऱ्या कुणाचा, कारण आपले कितीतरी पेशंट टाके काढले की साताऱ्याला नाहीतर जुन्नरला गावी जातात आणि सिम बदलतं. आणि फोनवर "नॉर्मल कामाला लागलात का?" असं विचारू नका. महापेच्या ऑफिसात खुर्चीवर बसणारा आठव्या दिवशी हो म्हणेल, माथाडी काका दीड महिन्यानेही नाही म्हणतील. त्याच्या कामाचं नाव घेऊन विचारा. मी त्या काकांना विचारलं होतं, गोणी उचलता का? ते म्हणाले, तीस किलोची उचलतो, पन्नासची मुकादम अजून देत नाही. ते मी तसंच्या तसं प्रोफॉर्मात लिहून घ्यायला लावलं.