पुण्याहून कोकणकिनारी: आधी तिथी, मग रस्ता

पुण्याहून गाडीने कोकणात जायचे असेल, तर रस्ता निवडण्यापूर्वी पंचांग पाहावे. माझ्या मते शिमग्याचे दिवस सर्वांत उत्तम. कारण तेव्हा ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते, सहाणेवर, म्हणजे गावातील पालखीच्या चौथऱ्यावर, नाचवली जाते आणि त्याच सुमारास वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लेही अंड्यांतून बाहेर पडत असतात.

त्यासाठी मुळशीमार्गे ताम्हिणी घाट उतरून माणगाव गाठावे, म्हसळ्यावरून हरिहरेश्वराकडे वळावे आणि बागमांडल्याच्या धक्क्यावर फेरीबोटीत गाडी चढवून बाणकोटची खाडी ओलांडावी. पलीकडे वेसवी लागते. तेथून वेळास जवळच आहे. पिल्ले बहुधा सकाळी व सायंकाळी समुद्रात सोडतात. पिल्लांवर झाकलेली टोपली उचलताच मुठीत मावेल एवढे काळपट पिल्लू अंगावरची वाळू झटकत लाटेकडे सरकू लागते. मात्र अंडी आपली सुट्टी पाहून फुटत नाहीत, त्यामुळे मुक्काम दोन रात्रींचा ठेवावा आणि निघण्यापूर्वी गावातील यजमानांना फोन करून चौकशी करावी. फ्लॅश व टॉर्च वापरू नये.

पावसाळ्यात ताम्हिणी देखणा दिसतो, पण धुक्यात दिवे लावून सावकाश जावे. भोरहून महाडकडे उतरणारा वरंध घाट तर दरडींमुळे अनेकदा बंद असतो. गणेशोत्सवाच्या तोंडावर निव्वळ हौसेसाठी मुंबई-गोवा महामार्गावर जाऊच नये. तो रस्ता तेव्हा चाकरमान्यांचा. हापूस खायचा असल्यास एप्रिलचा उत्तरार्ध किंवा मे गाठावा.